जुन्या गाडीचं इंजिन वाजतंय? आवाज ‘कुठून’ येतो त्याआधी ‘कधी’ येतो ते बघा, आणि या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी भांडुपहून एक आठ वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की सकाळी सेल्फ मारला की बोनेटखालून टिक-टिक-टिक सुरू होतं आणि मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाईतो बंद पडतं. मी गॅरेजमध्ये गेलो आणि अगदी ठामपणे सांगितलं, “टॅपेट वाजतायत, सेटिंग करून द्या.” त्यांनी दिलं करून. वरचं कव्हर उघडलं, टॅपेटचं (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचं) अंतर गेज लावून तपासलं, नवीन पॅकिंग टाकलं, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी टिक-टिक जशीच्या तशी.

मग विक्रोळीच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, “गरम झाल्यावर जातो ना आवाज? मग आज गाडी ठेवून जा, सकाळी बघतो.” सकाळी थंड इंजिनावर त्यांनी टॉर्च मारून मला दाखवलं: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बोल्टने बसतो, तिथे धूर निघायच्या एका भोकाच्या कडेने बाहेर पसरलेला काजळीचा बोटभर काळा ओघळ. पॅकिंग फुटलं होतं. थंड असताना फटीतून धूर दाबाने निसटायचा, त्याची टिक-टिक. लोखंड तापून प्रसरण पावलं की फट मिटायची आणि आवाज थांबायचा.

पहिल्या गॅरेजची यात चूक नव्हती. मी त्यांना लक्षण सांगितलंच नाही, थेट औषध सांगितलं. सेकंडहँड गाडी घेणारे आपण बहुतेक जण हेच करतो, आणि पैसे तिथेच वाया जातात. मेकॅनिकला नाव सांगू नका, वेळ सांगा: थंड असताना की गरम, उभ्या गाडीत की चालत्या, चढावर की उतारावर, एसी चालू असताना की बंद.

तापलेलं इंजिन ऐकून गाडी पसंत करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. तुम्ही पोहोचता तेव्हा गाडी आधीच सुरू असते, “एसी लावून ठेवला साहेब, उन्हातून आलात ना.” काही विकणारे खरंच आपुलकीने करतात. पण घासलेल्या इंजिनाचे बरेचसे आवाज पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतात. रात्रभर उभ्या इंजिनात ऑइल खाली उतरलेलं असतं. सेल्फ मारल्यावर ते वर चढेपर्यंत ढिली झालेली टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारी साखळी) खडखडते, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर अंतर आपोआप भरून काढणारे) टिकटिकतात. दोन-तीन सेकंदांत थांबलं तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण चेन रोज सकाळी खडखडत असेल तर टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) तपासायलाच हवा. चेनने दात सोडले की बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात.

म्हणून आदल्या दिवशी फोनवरच सांगा, “मी सकाळी सातला येतो, तोवर गाडी सुरू करू नका.” पोहोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी या. आपल्याकडे जानेवारीतही तशी थंडी नसते, त्यामुळे तास-दोन तासांत इंजिन ‘थंड’ झालं असं समजू नका. पूर्ण रात्र जाऊ द्या.

आणखी एक, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये आवाजाचा निवाडा करू नका. छत आणि खांबांमुळे पेट्रोल फवारणारा साधा इंजेक्टरही हातोडीसारखा वाजतो. गाडी मोकळ्यावर घ्या. मग काच खाली करून डिव्हायडरच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने हळू चालवा. भिंतीवरून परत येणारा आवाज बराच स्पष्ट ऐकू येतो.

इंजिनाचा नसलेला आवाज इंजिनाच्या माथी मारणं

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ‘इंजिन घोंघावतंय’ म्हणून गाडी विकायलाच काढली होती. निघालं पुढच्या चाकाचं बेअरिंग. हे ओळखायला हत्यार लागत नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असं बघून, साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करा (चावी बंद करायची नाही). आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली येतील. घोंघावणं तसंच राहिलं आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू कमी झालं, तर ते चाक किंवा टायर आहे. आरपीएम पडताच गेलं, तर इंजिनाकडे बघा.

उभ्या गाडीत क्लचचं तसंच. न्यूट्रलमध्ये घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं). सायन-पनवेल किंवा घोडबंदरच्या रोजच्या कोंडीत अर्धा क्लच दाबून चाललेल्या गाड्यांत हे बेअरिंग नेहमी जातं.

सिग्नलला एसी चालू असताना सगळी गाडी थरथरते आणि डॅशबोर्ड वाजतो, ते बऱ्याचदा बसलेलं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) असतं. खड्ड्यांचा प्रसाद. आणि ठरावीक आरपीएमलाच ‘झण्ण’ करून पत्रा वाजत असेल तर सायलेन्सरवरची उष्णतारोधक पत्र्याची शील्ड ढिली झालेली असते. एका क्लॅम्पचं काम. त्यासाठी कोणी इंजिन उतरवायचं म्हटलं तर गाडी परत घेऊन या.

पावसात बेल्ट किंचाळला की लगेच नवा टाकणं

जूनच्या पहिल्या सरीत अर्ध्या मुंबईच्या गाड्या किंचाळतात, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि एसी फिरवणाऱ्या इंजिनाच्या बेल्टमुळे. बेल्ट बदलतो, पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. आधी ही परीक्षा करा. इंजिन सुरू ठेवून, बाटलीच्या स्प्रेने बेल्टच्या खाचा असलेल्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारा. हात, बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन पुलीपासून पूर्ण लांब. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, टेन्शनर बघा. चिमणीसारखा चिवचिवाट क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली सरळ रेषेत नाही, आणि त्यावर नवीन बेल्टही तसाच झिजणार. मात्र किंचाळणं नसून घरघर असेल, तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंग असू शकतं. एसी बंद-चालू करून बघितलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

जाड ऑइलने आवाज दाबणं, आणि दाबलेला न ओळखणं

५डब्ल्यू-३० (पातळ ऑइल) मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) ओतलं की झिजलेल्या बेअरिंगमधला खडखडाट काही दिवस मवाळ होतो. विकायच्या आधी हे सर्रास चालतं. गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये कोणतं ऑइल लिहिलंय ते वाचून जा आणि शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावर कोणतं आहे ते ताडून बघा. बिल नाही, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) कोरं सोनेरी ऑइल, आणि ‘कालच बदललं’ असं उत्तर आलं, तर मी अधिक काळजीने बघेन. पातळी बघताना गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत.

स्वतःच्या गाडीतही ‘थोडं जाड टाकू, आवाज जाईल’ हा सल्ला ऐकू नका. आजच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा अरुंद असतात. थंड असताना जाड ऑइल वर पोहोचायला उशीर लागतो, आणि सगळ्यात जास्त झीज नेमकी तेव्हाच होते.

याची दुसरी बाजू फार कमी जण सांगतात. शांत इंजिन म्हणजे निरोगी इंजिन असं नाही. मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर. सीएनजीवर बरीच वर्षं चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो. मग साध्या (हायड्रॉलिक नसलेल्या) टॅपेटमधलं अंतर वाढत नाही, कमी होतं. टॅपेट वाजायचे बंद होतात, मालक खूश. आणि व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे जळायला लागतो. अशी गाडी घेताना क्लिअरन्स (हेच अंतर) मोजून घ्या, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. सकाळी गाडी ‘मिस’ मारत (अडखळत) असेल तर शांततेवर भुलू नका.

ठोका ऐकूनही ‘गॅरेजपर्यंत तरी नेऊ’ म्हणणं

टॅपेटचा आवाज वरून येतो, हलका, शिवणयंत्रासारखा. व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ८०० आरपीएमच्या आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) एक ढिला टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा ठोका खालून येतो, भरीव, लाकडावर हातोडी मारल्यासारखा, साधारण दुप्पट जलद, आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. मोजता आलं नाही तरी ताल कानाला वेगळा लागतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी व्हॉल्व्ह कव्हरवर आणि मग खाली ब्लॉकवर टेकवून मूठ कानाशी धरा (फिरत्या भागांपासून लांब), फरक कळेल.

चढावर वरच्या गिअरमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखी खळखळ आली तर ते वेगळं, ते पिंगिंग, म्हणजे इंधन चुकीच्या वेळी भडकणं. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलवर चढताना मुद्दाम ऐकून बघा. कार्बन, चुकलेलं टायमिंग, जास्त तापणारं इंजिन अशी कारणं असतात. उपाय वेळेत झाला तर इंजिन वाचतं.

खालच्या ठोक्याला मात्र मुदत नाही. सोबत ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर ईस्टर्न एक्स्प्रेसवर असाल तिथे कडेला घ्या, चावी बंद करा, टोइंग बोलवा. आणि तो ठोका व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर पाठवून निदान मागू नका. खालचे घुमणारे आवाज त्यात नीट उतरत नाहीत. पाठवायचंच तर आरपीएमचा काटा दिसेल असा व्हिडिओ काढा.

पुरातून आलेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस वेगळा होता, पण हिंदमाता आणि मिलन सबवे दरवर्षी कोणाची तरी गाडी बुडवतातच. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि कोणी सेल्फ मारला, की पाणी दबत नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी गाडी वाळवून सुरूही होते. किंचित वाकलेला रॉड महिनोन्‌महिने चालतो आणि मग एक दिवस ठोकायला लागतो, तोवर मालक बदललेला असतो.

म्हणून आवाज ऐकायच्या आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या पट्ट्यावर मातकट रेष दिसते का बघा. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली वाळलेला गाळ, स्पेअर टायरच्या खळग्यात चिखल. यातलं काही सापडलं, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी मी घेणार नाही. आणि तुमची स्वतःची गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ढकलून कडेला घ्या, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलं होतं का ते त्याच दिवशी कंपनीला फोन करून विचारा.