'प्रेस'चा माग : इंग्रजी शब्द मुळापासून कसा शोधायचा

प्रेस म्हणजे काय, असं नाशिक रोडच्या मुलांना विचारलं की पहिलं उत्तर येतं, "बाबा तिथे कामाला आहेत." बरोबरच आहे. इथे नोटा छापणारी नोट प्रेस आहे, सिक्युरिटी प्रेस आहे, आणि गांधीनगरला भारत सरकारचं मुद्रणालय आहे, त्यालाही लोक प्रेसच म्हणतात. मी जेल रोडला अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलं एका शब्दाचे चार अर्थ घोकतात आणि पेपरात नेमका पाचवा येतो. म्हणून मी अर्थ पाठ करायला देत नाही, शब्दाचा माग काढायला लावते. ही रीत कुठल्याही शब्दाला चालते. पण नाशिककराने सुरुवात प्रेसपासून करावी, कारण या शब्दाचं बहुतेक सगळं गणगोत आपल्या गावात राहतं.

आधी शब्दकोश नको. वही घ्या आणि हा शब्द जिथे जिथे कानावर पडेल तिथलं अख्खं वाक्य उतरवा. अर्थ लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं. ही अट मी सोडत नाही, कारण अर्थ लिहायला घेतला की मूल विचार करायचं थांबतं. माझ्या मुलांच्या वह्यांत असली वाक्यं असतात : शर्ट प्रेसला टाकलाय. मामा सातपूरला पॉवर प्रेसवर आहे. जिममध्ये आज लेग प्रेस होतं. तेलाच्या दुकानावर पाटी, 'लाकडी घाणा, कोल्ड प्रेस्ड'. ड्रेसला टिचबटण लावायचंय, आणि दुकानदार त्याला प्रेस बटण म्हणतो. कलेक्टर ऑफिसातून निघते ती प्रेस नोट आणि नाशिक रोडला आहे ती नोट प्रेस. शब्द उलटेपालटे केले की कागदाची किंमत बदलते. मोटारसायकलवर 'प्रेस' लिहिलेलं असेल तर आमच्या भागात मालक पत्रकारच असेल असं नाही. इंग्रजी पेपरातलीही वाक्यं घ्या. उन्हाळ्यात एक हमखास सापडतं : टँकर्स वेअर प्रेस्ड इंटू सर्व्हिस. ते वहीत वेगळं ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. दाबतं कोण, दबतं काय, आणि त्यातून निघतं काय?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या प्रेस शॉपमध्ये वरून डाय, म्हणजे धातूचा साचा, येते, पत्रा दबतो, गाडीचा भाग निघतो. दिंडोरीकडच्या किंवा गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत गेलात तर स्टीलचं आडवं पिंप दिसेल. त्याला तिथे प्रेसच म्हणतात. आत रबरी पडद्यासारखी पिशवी असते, तिच्यात हवा भरली की ती फुगते आणि द्राक्षं बाजूच्या जाळीवर हळूहळू दाबली जातात. जोर बेताचा ठेवतात, कारण बी फुटलं तर रस कडू होतो. पांढऱ्या वाईनला आधी दाबून रस काढतात आणि मग आंबवतात. लाल वाईनला सालींसकट आधी आंबवतात आणि मग दाबतात. मागे राहतो चोथा.

आता खिशातली पाचशेची नोट काढा. गांधीजींच्या चित्रावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. खरखर लागते ना? या छपाईला इंटाग्लिओ म्हणतात. धातूच्या प्लेटवर चित्र कोरलेलं असतं, शाई त्या खोबणींत भरतात आणि वरची पुसून काढतात. मग कागद प्लेटवर इतक्या जोराने दाबतात की तो खोबणीत शिरतो आणि शाई घेऊन वर येतो. म्हणून ती शाई कागदाच्या वर उचललेली राहते. साध्या झेरॉक्सला हा उठाव जमत नाही. अंध माणसाला नोट ओळखायला तोच उपयोगी पडतो. प्रेस या शब्दाचा मूळ अर्थ बोटाला कळतो तो असा.

आता शब्दकोश उघडा. मोबाईलवर ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर फुकट बघता येतात, आणि नुसत्या व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाइन आहे. सगळ्यात आधी बघायचा तो शब्दाच्या डोक्यावरचा किंवा शेजारचा बारीक आकडा. मुलं नेमका तोच सोडून देतात. चांगल्या कोशात एकाच स्पेलिंगच्या दोन वेगळ्या नोंदी असतील, एकावर एक आणि दुसरीवर दोन असेल, तर बहुतेक वेळा ते दोन वेगळे शब्द असतात. स्पेलिंग एक, मूळ वेगळं. एकाच नोंदीखाली एक, दोन, तीन असे आकडे असतील तर ते मात्र एकाच शब्दाचे अर्थ. मराठीत 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे टॅक्स आणि 'कर' म्हणजे करण्याची आज्ञा, हे आपण सहज वेगळं ठेवतो. इंग्रजीतही तेच करायचं.

प्रेसच्या क्रियापदाच्या अशा दोन नोंदी मिळतात आणि दुसरीत आपला टँकर सापडतो. मुलं त्या वाक्याचं भाषांतर 'टँकर दाबून सेवेत घातले' असं करतात. पण या प्रेसचा दाबण्याशी मुळात संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेस्ट' असा शब्द होता, म्हणजे कर्जाऊ किंवा आगाऊ दिलेली रक्कम. त्याच्या मागे पुरवणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. इंग्लंडमध्ये सैन्यात किंवा आरमारात भरती होणाऱ्याच्या हातावर ही रक्कम ठेवायचे. पैसे घेतले की माणूस बांधला गेला. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : उचल. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात तीच. पुढे बळजबरीच उरली. प्रेस गँग नावाच्या टोळ्या बंदरांतल्या माणसांना धरून जहाजांवर नेऊ लागल्या. नेपोलियनशी युद्ध चालू असताना हे जोरात होतं, १८१५ ला ते संपल्यावर थांबलं. तोपर्यंत 'प्रेस्ट'चा ट गळाला होता आणि दाबण्याच्या प्रेसशी त्याची सरमिसळ झाली होती. अर्थही जवळ आले होते म्हणा. तेव्हा टँकर 'कामाला जुंपले' असं लिहा, पैकीच्या पैकी मार्क. 'इम्प्रेस'च्याही अशाच दोन नोंदी आहेत, त्या स्वतः उघडून बघा.

पहिल्या नोंदीत व्युत्पत्तीची ओळ संक्षेपांनी भरलेली असते. एमई म्हणजे मिडल इंग्लिश, साधारण ११५० ते १५०० पर्यंतचं इंग्रजी. ओएफ म्हणजे जुनी फ्रेंच. एल म्हणजे लॅटिन. ओळ उजवीकडून डावीकडे वाचा, म्हणजे प्रवास सरळ लागतो : लॅटिनमध्ये 'प्रेमेरे' म्हणजे दाबणं, त्यापासून 'प्रेसारे' म्हणजे दाबत राहणं, ते फ्रेंचमध्ये गेलं, आणि १०६६ नंतर नॉर्मन राजांची फ्रेंच इंग्लंडभर पसरली तिच्याबरोबर असे शब्द इंग्रजीत आले.

यानंतर अर्थ वयाप्रमाणे लावा. इथे मुलांना गंमत वाटते, कारण त्यांचा लाडका अर्थ शेंडेफळ निघतो. जुन्या अर्थांपैकी एक म्हणजे माणसांची दाटी, सिंहस्थात रामकुंडावर होते तसली रेटारेटी. मग द्राक्षं आणि कपडे दाबायचं यंत्र, आणि कपडे ठेवायचं कपाट. आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला आजही प्रेस म्हणतात. गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झला छापायला सुरुवात केली ती द्राक्षं पिळायच्या स्क्रू-प्रेसच्याच धर्तीवर. यंत्राचं नाव छापखान्याला लागलं, छापखान्याचं वर्तमानपत्रांना आणि शेवटी पत्रकारांना. आपल्याकडे छापखाना गोव्यात १५५६ ला आला, जेझुइट पाद्र्यांनी आणला. नोटा मात्र इंग्लंडहून छापून यायच्या. १९२८ पासून त्या नाशिकला छापू लागले. म्हणजे नोट प्रेस आणि वायनरी यांचं नातं आडनावापुरतं नाही, एक यंत्र खरोखर दुसऱ्यातून निघालं.

गणगोत गोळा करायला शब्दाच्या सुरुवातीचा तुकडा बोटाने झाका. 'कॉम'प्रेस, 'डी'प्रेस, 'सप'प्रेस, 'ऑप'प्रेस. एक्सप्रेसचा मूळ अर्थ दाबून बाहेर काढणं, त्यावरून स्पष्ट सांगणं, त्यावरून खास एका कामासाठी, त्यावरून खास एका ठिकाणी जाणारी गाडी. वेग नंतर चिकटला. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना यावर बरंच बोलायचं असेल. कॅफेतली एस्प्रेसो म्हणजे इटालियनमध्ये दाबून काढलेली. आणि न दिसणारा भाऊ म्हणजे 'प्रिंट'. तोही प्रेमेरेचाच, फक्त फ्रेंच वाटेने रूप बदलून आलेला.

झाकून बघायची युक्ती कधीकधी फसवते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या एम्प्रेसला प्रेस नाही. ती एम्परर या शब्दाची स्त्री, शेवटचं 'एस' स्त्रीलिंगाचं. सायप्रस या झाडाचं नाव ग्रीकमधून आलंय. म्हणून झाकल्यावर अर्थ जुळतो का ते बघायचं, आणि जुळला तरी कोशात खात्री करायची.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्युत्पत्त्यांसाठी मी एकच नियम ठेवलाय. जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांनी केलेली दिसली की ती पुढे पाठवायची नाही. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे दरवर्षी कुणीतरी मला पाठवतं, कधीकधी शिक्षकच. न्यूज म्हणजे 'न्यू'चं अनेकवचन, नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही तसंच म्हणतात. आद्याक्षरांचे शब्द विसाव्या शतकात बोकाळले, त्याआधी फारच क्वचित.

पुढचा शब्द 'स्टॅम्प' घ्या. पोस्टाचं तिकीट, स्टॅम्प पेपर, ऑफिसचा रबरी शिक्का, पाय आपटणं आणि सातपूरच्या प्रेस शॉपमधलं स्टॅम्पिंग, सगळं वहीत येऊ द्या. याचा माग लॅटिनकडे जात नाही, एवढंच आत्ता सांगते.