एका डोक्यातल्या तीन डोकेदुख्या

नऊ वर्षांपूर्वी वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला शिडीवर चढले आणि कोशासकट खाली आले. कोशाची बांधणी सुटली, माझी कवटी शाबूत राहिली. पडण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचे काही तास आजही मला आठवत नाहीत. चक्कर चार महिन्यांत गेली, हरवलेले शब्द वर्षभरात बहुतेक परत आले. डोकेदुखी मात्र मुक्कामाला राहिली.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर बारीक अक्षर वाचणं हाच धंदा, म्हणजे दुखऱ्या डोक्याला याहून वाईट काम शोधूनही सापडलं नसतं. त्या कामात एक सवय लागते, चूक दिसली की आधी ती कोणत्या जातीची आहे ते बघायचं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि गळलेली ओळ यांना एकच खूण चालत नाही. हीच अक्कल स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत सुचायला मला तीन वर्षं लागली. तोवर सगळ्याला 'डोकं दुखतंय' एवढंच म्हणत होते आणि एकच गोळी गिळत होते.

पुढचं सगळं जुन्या, मुरलेल्या दुखण्याबद्दल आहे. पण काही वेळा डोकं दुखतंय म्हणून नोंदींची वही काढत बसायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा. विजेसारखी एका मिनिटात शिगेला पोचणारी कळ, ताप आणि ताठलेली मान, हातापायातला जोर जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, नजर जाणं, न आवरणारी गुंगी, पुन्हा पुन्हा उलट्या, ही त्यातली लक्षणं. डोक्याला पुन्हा मार लागला असेल, मेंदूत शंट (साचलेलं पाणी काढून नेणारी नळी) बसवलेला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दवाखाना आणखी लवकर गाठा. आणि वर्षानुवर्षांच्या दुखण्याची चाल एकाएकी बदलली, म्हणजे ते आडवं पडल्यावर वाढायला लागलं किंवा आठवड्यागणिक चढायला लागलं, तर 'नेहमीचंच आहे' म्हणू नका. मार लागल्यावर काही आठवड्यांनीही कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं, वयस्कर माणसांत जास्त.

माझं स्कॅन स्वच्छ होतं. डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे," आणि घरी मला कुणी विचारेना. मग दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की स्कॅन रक्तस्राव दाखवतं, तुटलेलं हाड दाखवतं, पण दुखणं वाहून नेणाऱ्या नसा फाजील हळव्या झाल्यात हे त्यात दिसत नाही. मार किरकोळ म्हणून डोकेदुखीही किरकोळ, असाही हिशेब नसतो. डोकेदुखीच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे: मार लागल्यापासून किंवा शुद्धीवर आल्यापासून ७ दिवसांच्या आत सुरू झालेली आणि ३ महिन्यांहून जास्त टिकलेली. आपल्या दुखण्याला छापील नाव आहे हे कळल्यावर मी त्या दिवशी रडले. दुखणं तेवढंच होतं, पण ते मी मनाने उभं केलेलं नव्हतं.

आता कामाचं. पहिलं काम वहीचं. मला कुणीतरी सतरा रकान्यांचा तक्ता दिला होता. मेंदूला मार लागलेल्या बाईला सतरा रकाने! तिसऱ्या दिवशी तो तक्ताच हरवला. मग मी प्रूफाच्या खुणांसारख्या स्वतःच्या खुणा केल्या. रोज झोपताना एक ओळ, अर्ध्या मिनिटात संपणारी. 'प' म्हणजे पट्टी आवळल्यासारखं दुखलं, दोन्ही बाजूंनी. 'अ' म्हणजे अर्धं डोकं घण घातल्यासारखं ठणकलं, उजेड आणि आवाज सोसेना, मळमळलं. 'मा' म्हणजे मानेतून निघून डोळ्यामागे चढलं. पुढे ० ते १० मधला एक आकडा. गोळी घेतली तर एक टिंब, दोन घेतल्या तर दोन. बस. स्मरणावर विसंबू नका. आपलं स्मरण तसंही उसनवारीवर चालतं, आणि डॉक्टरांनी "महिन्यात किती दिवस?" विचारलं की आपण कालचा दिवस सांगतो.

दोन महिन्यांची वही घेऊन बसले तेव्हा दोन गोष्टी उघड्या पडल्या. एक, डोकेदुख्या तीन होत्या. दुसरी, टिंबं. एका महिन्यात २२ दिवशी टिंब होतं.

या टिंबांवर जरा रेंगाळते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास औषधं), अफूच्या जातीची औषधं किंवा दोन-तीन औषधांची मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी पोसायला लागते. सकाळी डोकं दुखत उठायचं, गोळीने दोन-चार तास बरं वाटायचं, उतरली की पुन्हा दुखायचं. मला वाटायचं गोळी कमी पडतेय. दुखण्याला खतपाणी मीच घालत होते. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे, हेही मला उशिरा कळलं.

गोळी सोडणं सोपं नव्हतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून साधी गोळी एकदम थांबवली. पहिला आठवडा नको त्या वेळी पाहुणे आल्यासारखा गेला: दुखणं वाढलं, झोप उडली, मी सगळ्यांवर खेकसले. दुसऱ्या आठवड्यात उतार पडला. महिन्याने वहीत कोरे दिवस दिसायला लागले. अफूच्या जातीची किंवा झोपेची औषधं रोज चालू असतील तर मात्र हे घरच्या घरी करू नका, ती टप्प्याटप्प्याने आणि देखरेखीखालीच सोडायची असतात. आता माझा नियम असा की आठवड्यात गोळीचे दिवस दोन. तिसरा लागला तर तो वहीला विचारून.

मारानंतरच्या डोकेदुखीचं म्हणून वेगळं औषध नाही. दुखण्याची जात बघून तिचं औषध वापरतात. 'अ'साठी मला सुमाट्रिप्टान लागू पडलं, पण सुरुवातीलाच घेतलं तर. 'बघू अजून तासभर' म्हणत बसले की वाया जातं. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ते चालत नाही. रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांमध्ये अमिट्रिप्टिलीन, प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट ही नावं तुमच्या कानावर पडतील. टोपिरामेटने माझं ठणकणं कमी झालं आणि शब्द पुन्हा पळाले. 'उकार' हा शब्द आठवेना. मुद्रितशोधकाला! ते बंद केलं. मग रात्री अमिट्रिप्टिलीन, अगदी थोड्या मात्रेपासून. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोळे जड असतात, पण माझं जमलं. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल नको, फिट येणाऱ्याने अमिट्रिप्टिलीनबद्दल आधी विचारावं, गरोदरपणाची शक्यता असेल तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट या प्रतिबंधक औषधांबद्दल तोंड उघडून सांगावंच. आणि थांबा. ही औषधं दोन-तीन महिने घेतल्याशिवाय निकाल लागत नाही. मी पहिली दोन औषधं पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडली होती, तो शुद्ध उतावळेपणा.

मानेची गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. डोकं आपटतं तेव्हा मानही झटका खाते. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना नेणारी नस मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे मानेतलं दुखणं डोळ्यामागचं वाटतं. मी डोळ्यावर पट्ट्या ठेवत होते आणि चोर मानेत बसला होता. फिजिओथेरपिस्टने एक साधा व्यायाम दिला: भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे ओढायची, खाली नाही, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रूफं टेबलावर सपाट ठेवून मान मोडून वाचणं बंद केलं, उतरतं लाकडी मेज घेतलं. मानेला झटका देऊन कडकड वाजवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. डोक्यामागच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शनही मी एकदा घेतलं. काही आठवडे 'मा' वहीतून जवळजवळ गायब होता.

उजेडाबद्दल माझी चूक लोकप्रिय आहे. दोन वर्षं मी घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसत होते. डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि साधा दिवाही सुरीसारखा टोचायला लागतो. काळा चष्मा बाहेरच्या उन्हासाठी ठेवा, घरात आठवड्या-आठवड्याने कमी करा. स्क्रीनची झळाळी उतरवा, अक्षर मोठं करा. डोळ्यांचा नंबर तपासून भागत नाही. दोन्ही डोळे जोडीने काम करतात का, हे तपासायला सांगा. जवळचं वाचताना माझे डोळे नाकाकडे एकत्र वळत नव्हते. ओळी सरकायच्या, मला वाटायचं मीच दमले. त्याचे व्यायाम असतात, कंटाळवाणे आणि उपयोगी.

आता चांगल्या दिवसांबद्दल, कारण वाईट दिवसांपेक्षा तेच घात करतात. डोकं हलकं वाटलं की मी साठलेली कामं काढायची: कपाट आवर, तीन फर्मे (छापील पानांचे गठ्ठे) वाच, सगळ्यांना फोन कर. मग तीन दिवस अंथरुणात. वहीत प्रत्येक कोऱ्या दिवसामागे दोन-तीन 'अ' रांगेत उभे दिसले तेव्हा मी हादरले. उपाय चिडवणारा आहे. बेताच्या दिवशी दुखणं न वाढता जेवढं वाचता येतं तेवढं मोजायचं, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच वाचायचं. माझं माप होतं २० मिनिटं. घड्याळ लावायचं, वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली, पाच मिनिटं डोळे मिटायचे. दुखायला लागल्यावरची विश्रांती उशिराची असते. दर पंधरवड्याला दोन मिनिटं वाढवत गेले. आज साधारण ४५ मिनिटांवर आहे, त्यापुढे सरकत नाही, आणि ते मी आता ढकलतही नाही. चालण्याचंही तसंच: दहा मिनिटांपासून, डोकं ठणकायला लागेल त्याच्या अलीकडे थांबून. दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने मी बरी झाले नाही, फक्त अशक्त झाले.

झोपेचं थोडक्यात: उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. जोरात घोरत असाल आणि सकाळीच डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. चहा-कॉफी सोडायची गरज नाही, पण रोज साधारण तेवढीच, तेवढ्याच वाजता. सुट्टीच्या दिवशी उशिरा घेतली की डोकं हजेरी लावतं. जेवण चुकवू नका.

मनाचंही थोडक्यात सांगते, त्यावर मला व्याख्यानं फार ऐकावी लागलीत. दुखणं वर्षानुवर्षं असलं की उदासी आणि धास्ती येते, ती आली की दुखणं आणखी चढतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने दुखणं काल्पनिक ठरत नाही. मी 'आज दुखलं तर' या भीतीवर काम केलं, आणि डोकं दुखत असलं तरी मी निदान घाबरत नाही.

लोकांना काय सांगायचं? "डोकं दुखतंय" म्हटलं की उत्तर येतं, "माझंही दुखतं हो कधीकधी." मी आता लक्षण सांगत नाही, मागणी सांगते. "वीस मिनिटं शांत खोली लागेल, मग येते." "एका वेळी एकानेच बोला." कामाच्या ठिकाणी पांढऱ्या ट्यूबलाइटखालची जागा बदलून मागितली, खिडकीकडे पाठ करून. कारण विचारलं तेव्हा "डोक्याला जुनी दुखापत आहे" एवढंच. स्पष्टीकरण लांबलं की लोक औषधं सुचवायला लागतात.

शेवटचं, वहीचं पहिलं पान. 'अ' चढला की मला विचार करता येत नाही, दोन गोळ्यांतली कोणती हेसुद्धा ठरत नाही. म्हणून बऱ्या दिवशी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: गोळी घे, वेळ लिही. पाणी. पडदा. मानेखाली गुंडाळी. दोन तासांनी बघ. कुणाला काही कबूल करू नकोस. खाली बहिणीचा फोन नंबर, आणि तिच्यासाठी सूचना की मी नीट बोलत नसेन किंवा चेहरा वाकडा दिसला तर मला न विचारता दवाखान्यात न्यायचं. पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून डकवलंय, कारण पहिल्या पानावर एकदा उलटी झाली होती.