कोस्टा रिकाची सेंट्रल व्हॅली कशी फिरावी: सकाळी ज्वालामुखी, दुपारी गाव

सान होसे, अलाहुएला, एरेदिया आणि कार्तागो ही चारही शहरं एकाच खोऱ्यात आहेत, समुद्रसपाटीपासून साधारण 950 ते 1,450 मीटर उंचीवर. विषुववृत्त जेमतेम 10 अंशांवर, तरी पंख्याची आठवण होत नाही. बहुतेक पर्यटक विमानतळावरून थेट समुद्रकिनारा गाठतात. तुम्ही मात्र तीन-चार दिवस इथेच काढा आणि सगळा बेत ढगांच्या वेळेप्रमाणे आखा.

आधी मुक्काम ठरवा

सान होसेत राहून रोज ये-जा करायचा मोह टाळा. शहरातल्या वाहतूक कोंडीत सकाळ संपते, आणि डोंगर बघायचा तर सकाळच हवी. खोऱ्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग धरा. पश्चिमेसाठी मुक्काम अलाहुएलात, पूर्वेसाठी कार्तागो किंवा ओरोसीत. देशाचा मुख्य विमानतळही अलाहुएलाच्या हद्दीत आहे, त्यामुळे पहिली आणि शेवटची रात्र तिथे काढणं सोयीचं.

डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. मे ते नोव्हेंबर पावसाचे, पण तेव्हाही सकाळ बऱ्याचदा उघडी असते आणि पाऊस दुपारी येतो.

मग पोआस ज्वालामुखीचं तिकीट काढा

दारात जाऊन तिकीट काढू असं म्हणू नका. एप्रिल 2017 मधल्या उद्रेकानंतर हे राष्ट्रीय उद्यान वर्षभराहून जास्त काळ बंद होतं. 2018 मध्ये उघडलं ते नव्या नियमांनिशी: तिकीट आधीच ऑनलाइन, ठरलेली वेळ, डोक्यावर हेल्मेट आणि विवराच्या कठड्यावर थोडाच वेळ. ज्वालामुखी कुरकुरायला लागला की उद्यान पुन्हा बंद होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी कराच. शक्य तितकी सकाळची वेळ निवडा. उशीर झाला तर सुमारे 1,300 मीटर रुंदीचं ते विवर ढगाने भरलेलं असतं आणि हाती फक्त गंधकाचा वास लागतो. वाटेच्या कडेला गुनेराची खरखरीत पानं दिसतील, एकेक पान छत्रीएवढं. स्थानिक लोक त्याला ‘गरिबाची छत्री’च म्हणतात.

उतरल्यावर दुपार सार्चीला द्या. इथे बैलगाड्यांच्या चाकांवर हाताने नक्षी रंगवतात. पूर्वी याच गाड्यांतून कॉफी बंदराकडे जायची. 2005 मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली. वाटेवरच्या ग्रेसियाचं लाल चर्च लोखंडी पत्र्यांचं आहे, तेही पाहून घ्या.

पूर्वेकडे: इरासू आणि कार्तागो एकाच दिवशी

इरासू ज्वालामुखीची उंची 3,432 मीटर. कार्तागोहून तासाभरात गाडी जवळजवळ 2,000 मीटर चढते, म्हणून वर पोचल्यावर सावकाश चाला. दम लागतोच. जाड जॅकेट हवं, आणि उन्हाची टोपीही. वरून दोन्ही महासागर दिसतात असं सगळे सांगतात. त्या आशेवर जाऊ नका, विवरासाठी जा. करड्या राखेचं ते पठार पाहिलं की मार्च 1963 पासून पुढे जवळजवळ दोन वर्षं सान होसेवर राख का पडत राहिली ते कळतं. पार्किंगमध्ये कोआती नावाचे लांब नाकाचे प्राणी खाऊ मागायला येतात. देऊ नका, पिशवीची चेन मात्र लावून ठेवा.

दुपारी खाली कार्तागोत. 1823 पर्यंत राजधानी हीच होती. भूकंपांनी जुनं शहर फारसं उरू दिलं नाही; 1910 च्या धक्क्यानंतर अर्धवट राहिलेल्या चर्चच्या भिंतींच्या आत आता बाग आहे. खरा वेळ काढावा तो देवदूतांच्या मातेच्या बॅसिलिकेत. भाविक दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जातात. आतल्या काचेच्या कपाटांत नवस फेडताना वाहिलेले धातूचे चिमुकले पाय, हात, डोळे ओळीने मांडलेले असतात. 2 ऑगस्टच्या आसपास इथे देशभरातून पायी वारी येते. गर्दीत रमणारे असाल तर तेव्हाच जा, नाहीतर तो आठवडा टाळा.

ओरोसी आणि तापांती

माझ्या मते खोऱ्यातला हाच सगळ्यात सुंदर कोपरा. कॉफीच्या मळ्यांतून रस्ता खाली उतरतो. ओरोसीचं 1743 सालचं मातीच्या भिंतींचं चर्च अजून वापरात आहे. पुढे तापांती राष्ट्रीय उद्यान. देशातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी ही एक, त्यामुळे कोरड्या महिन्यांतही रेनकोट आणि चिखलात टिकणारे बूट घ्या. उद्यानाच्या दारापर्यंत बस जात नाही. ओरोसीतून टॅक्सी करा आणि परतीची वेळ तिथेच ठरवून ठेवा.

ब्राउलिओ कारियो, वेळ उरला तर

सान होसेहून कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातूनच जातो. धुकं आणि दरडी नेहमीच्या, म्हणून अंधार पडल्यावर तिकडे जाऊ नका. चालायची हौस असेल तर एरेदियाच्या बाजूने वर जाऊन बार्वा ज्वालामुखीच्या तळ्यापर्यंतची पायवाट धरा.

येण्या-जाण्याचं

बस स्वस्त आणि भरपूर, पण सान होसेत प्रत्येक दिशेची बस वेगळ्या ठिकाणाहून सुटते. हॉटेलात विचारून नाव कागदावर लिहून घ्या. पत्ते खुणेवरून सांगतात: ‘चर्चपासून 200 मीटर उत्तरेला’. इथे 100 मीटर म्हणजे एक चौक, मग प्रत्यक्ष अंतर काहीही असो. सुट्ट्या पैशांसाठी कोलोन, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा. डॉलर बऱ्याच ठिकाणी चालतात, पण उरलेले पैसे कोलोनमध्येच परत मिळतात.