हृदय हातात आल्यावर उजवं-डावं का चुकतं: मेडिकलच्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी

चार कप्पे, चार झडपा, उजवीकडे अशुद्ध रक्त, डावीकडे शुद्ध. एवढं दहावीपासून पाठ असतं, त्यामुळे थोरॅक्स (छातीचा भाग) सुरू झाला की हृदयाचं टेन्शन कुणी घेत नाही. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ट्रेमधलं हृदय पुढे सरकवून सर म्हणतात, 'ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये धर,' म्हणजे शरीरात असतं तसं. निम्मी बॅच तिथेच गळते. रक्ताचा मार्ग तोंडपाठ असलेलीही.

चूक चित्रामुळे होते. पुस्तकात हृदय सपाट काढलेलं असतं: उजवे कप्पे एका बाजूला, डावे दुसऱ्या बाजूला, टोक सरळ खाली. छातीत हृदय तसं नसतंच. ते तिरकं वळलेलं असतं आणि मधला पडदा साधारण 45 अंशात फिरलेला असतो. म्हणून उजवं हृदय म्हणजे बरंचसं पुढचं हृदय आणि डावं म्हणजे बरंचसं मागचं. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) लगेच मागे राइट व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) येतं. लेफ्ट एट्रियम (वरचा कप्पा) सगळ्यात मागे, अन्ननलिकेला टेकून. समोरून पाहिलं तर लेफ्ट व्हेंट्रिकलची डावीकडे एक पट्टी दिसते आणि लेफ्ट एट्रियमच्या फक्त ऑरिकलचं (कानासारख्या पिशवीचं) टोक डोकावतं.

'बेस' विचारला की मुलं वर बोट दाखवतात, जिथून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात तिथे. ॲनाटॉमीतला बेस वर नसतो, मागे असतो. तो मुख्यतः लेफ्ट एट्रियमचा बनतो, थोडा राइट एट्रियमचा, आणि पल्मनरी व्हेन्स (फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरा) तिथेच उघडतात. पुढे वॉर्डात 'बेसला मर्मर (हृदयाचा जादा आवाज) आहे' असं ऐकाल, तेव्हा बोलणारा दुसऱ्या इंटरकॉस्टल स्पेसबद्दल (दोन फासळ्यांमधल्या जागेबद्दल) बोलत असतो. दोन्ही वापर बरोबर आहेत. फर्स्ट इयरच्या टेबलावर मात्र मागचाच बेस दाखवायचा.

धरायचं कसं, ते एकदा नीट करून बघा. सुपीरियर व्हेना कॅव्हाच्या (शरीराच्या वरच्या भागातून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) भोकातून पेन्सिल घाला आणि इन्फीरियरच्या (खालच्या भागातून आणणारीच्या) भोकातून बाहेर काढा. ही पेन्सिल तुमच्या शरीराच्या उजव्या अंगाला उभी, सरळ धरा. आता टोक डावीकडे, पुढे आणि थोडं खाली येईपर्यंत हृदय फिरवा. तपासायच्या खुणा दोन: सगळ्यात पुढे पल्मनरी ट्रंक (फुप्फुसांकडे जाणारी धमनी) हवी, तिच्या मागे-उजवीकडे एओर्टा (शरीराकडे जाणारी महाधमनी), आणि पल्मनरी व्हेन्सची भोकं तुमच्या छातीकडे बघत असायला हवीत. ती छताकडे बघत असतील तर तुम्ही पुस्तकातलं चित्र धरलंय, हृदय नाही. पल्मनरी ट्रंक आणि एओर्टा यांच्या मागून बोट आडवं घाला. ते ट्रान्सव्हर्स सायनसमधून (या वाहिन्यांमागच्या आडव्या फटीतून) जातं आणि सुपीरियर व्हेना कॅव्हाच्या पुढून बाहेर येतं. एवढं जमलं की अर्धा व्हायवा झाला.

याचा उपयोग फक्त मार्कांपुरता नाही. छातीच्या साध्या एक्स-रेवर उजवी कड राइट एट्रियमची असते, राइट व्हेंट्रिकलची नाही. व्हेंट्रिकल पुढे असल्याने ते लॅटरल फिल्ममध्ये स्टर्नमच्या मागे शोधावं लागतं. पुढून छातीत चाकू लागला तर बहुतेक वेळा राइट व्हेंट्रिकललाच इजा होते. मायट्रल स्टेनोसिसमध्ये (डावीकडची मायट्रल झडप अरुंद झाल्यावर) लेफ्ट एट्रियम फुगलं की ते अन्ननलिका दाबतं, आणि अन्ननलिकेतून इको केला तर तेच एट्रियम सगळ्यात जवळून दिसतं. सगळं त्या एका तिरकेपणातून निघतं.

कापण्याआधी कॉरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या) सोडवून घ्या. हे क्रमाचं खूळ नाही. लेफ्ट व्हेंट्रिकल उघडणारा शेवटचा काप लेफ्ट ऑरिकल आणि पल्मनरी ट्रंक यांच्या मधून जातो, आणि लेफ्ट कॉरोनरी नेमकी तिथेच असते. एकदा कापली की मग कागदावरच शिकायची. राइट कॉरोनरी उजव्या एट्रिओव्हेंट्रिक्युलर खाचेतून मागपर्यंत न्या आणि पोस्टीरियर इंटरव्हेंट्रिक्युलर शाखा कुणाकडून येते ते पाहा. डॉमिनन्स (कुठल्या बाजूची कॉरोनरी वरचढ) त्यावर ठरतो. बहुतेक हृदयांत ती उजवीकडूनच येते, पण तुमच्या टेबलावरच्या हृदयात काय आहे ते बघूनच बोला.

उघडताना रक्ताच्या वाटेने जा. राइट एट्रियम इन्फीरियर व्हेना कॅव्हापासून ऑरिकलच्या टोकापर्यंत कापा. वरच्या कोपऱ्यात जाऊ नका, क्रिस्टा टर्मिनॅलिसच्या (राइट एट्रियममधल्या स्नायूच्या कण्याच्या) वरच्या टोकाला एसए नोड (ठोका सुरू करणारी गाठ) असतो. गुठळ्या पाण्याखाली बोटाने काढा, फोर्सेप्सने ओढाल तर कॉर्डी (झडपांना धरून ठेवणारे दोरे) तुटतील. पुढे ट्रायकस्पिडमधून (उजव्या एट्रियम-व्हेंट्रिकलमधल्या झडपेतून) उजव्या कडेने टोकाजवळ, तिथून पडद्याला समांतर वर पल्मनरी ट्रंकमध्ये. फ्लॅप उचलताना जोर लावू नका, मॉडरेटर बँड (राइट व्हेंट्रिकलमधला स्नायूचा पट्टा) तुटतो. डावीकडे तसंच: मागून पल्मनरी व्हेन्सची भोकं जोडा, मायट्रलमधून डाव्या कडेने खाली, मग वर एओर्टात.

आता रक्ताच्या मार्गाबद्दल. बारा पायऱ्यांची साखळी पाठ करणं चुकीचं नाही, पण त्यातून एक भ्रम बसतो: आधी उजवं हृदय चालतं, मग डावं. तसं नसतं. दोन्ही एट्रिया जवळपास एकदम आकुंचन पावतात, मग दोन्ही व्हेंट्रिकल्स एकदम. विश्रांतीत दोघंही ठोक्याला साधारण 70 मि.ली. ढकलतात, मिनिटाला सुमारे 5 लिटर. रक्त तेवढंच, दाब वेगळा: उजवीकडे सुमारे 25, डावीकडे 120 मि.मी. पारा. म्हणून भिंत डावीकडे साधारण तिप्पट जाड. डाव्याने कमी ढकललं आणि उजवं चालूच राहिलं, तर रक्त फुप्फुसात तुंबतं. हृदयरोग्याला आडवं झाल्यावर धाप का लागते, याचा धागा इथून सुरू होतो. व्हेंट्रिकल भरतं तेही बहुतांश एट्रियम आकुंचन पावण्याआधीच; एट्रियम शेवटचा हिस्सा तेवढा ढकलतं.

ॲनिमेशनचे व्हिडिओ बघा, पण आमचं मत विचाराल तर हृदय हाताळल्यानंतर. आधी बघितले की डोक्यात पुन्हा सपाट चित्रच बसतं. निमॉनिक्सचंही तेच, क्रम लक्षात राहतो, जागा राहत नाही. त्यापेक्षा डिसेक्शन हॉलमधल्या मामांना (तिथल्या कर्मचाऱ्यांना) विचारा. कोणत्या बरणीतलं हृदय चांगलं उघडलंय हे त्यांच्याइतकं ट्यूटरलाही माहीत नसतं. घरी सराव करायचा तर मटणाच्या दुकानातून बोकडाचं दिल आणा, पण 'वरच्या नळ्या कापू नका' हे आधीच सांगा, नाहीतर एट्रिया गायब झालेलं मांस हातात येईल.

स्पॉटिंगला (नमुने ओळखायच्या परीक्षेला) कप्पा ओळखताना फक्त जाडीवर विसंबू नका. पल्मनरी हायपरटेन्शनच्या (फुप्फुसांच्या धमन्यांत दाब वाढलेल्या) हृदयात राइट व्हेंट्रिकलही जाड असतं. आतून बघा. राइटमध्ये ट्रायकस्पिड आणि पल्मनरी झडपांच्या मध्ये स्नायू असतो, लेफ्टमध्ये मायट्रल आणि एओर्टिक झडपा एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे आजारी हृदयातही सहसा टिकतं. सुरुवातीला चुकाल, सगळेच चुकतात. हात लावत राहिलात की दोन आठवड्यांत फरक पडतो.

आणि स्टेथोस्कोप ठेवायच्या जागांना झडपांच्या जागा समजू नका. चारही झडपा स्टर्नमच्या मागे किंवा त्याच्या डाव्या कडेशी दाटीने आहेत. मायट्रल स्टर्नमच्या डाव्या अर्ध्यामागे, चौथ्या कॉस्टल कार्टिलेजच्या (फासळीच्या कूर्चेच्या) पातळीवर; ऐकायची मात्र टोकाशी, डाव्या पाचव्या स्पेसमध्ये, कारण आवाज रक्ताच्या दिशेने पुढे जातो.