जाकिटं मोजली म्हणजे तपासणी झाली नाही: हंगामाआधी बोटीवरच्या सामानाबाबत या चुका टाळा

नारळी पौर्णिमा तोंडावर आली की बंदराबंदरांवर घाई उडते. शाकारलेल्या होड्यांवरच्या झावळ्या उतरतात, इंजिनवाला मेस्त्री फोन उचलेनासा होतो, जाळ्यांची डागडुजी संपत आलेली असते. जीवरक्षक जाकिटं, बुडणाऱ्याला फेकायच्या रिंगा, फ्लेअर (संकटात पेटवायची इशाऱ्याची नळकांडी), अग्निशामक यांची पाळी सगळ्यात शेवटी येते, तीही परवान्यासाठी कुणी बघायला येणार म्हणून. मग पोतं सोडायचं, नग मोजायचे, पोतं बांधायचं. मालवणच्या धक्क्यावर विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "जाकिटा आसत मा, मगे आणि काय बघूचा?"

बघण्यासारखं बरंच असतं. हे सामान समुद्रावर जेवढं खराब होत नाही, तेवढं पावसाळ्यात खोलीत पडून होतं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. पर्यटकांच्या बोटी त्याहून जास्त दिवस बंद. तेवढा काळ कोंदट हवा, गळकी कौलं, उंदीर आणि डिझेलच्या कॅनला टेकून ठेवलेलं पोतं. नग तेवढेच राहतात, चालणारे कमी होतात.

जाकीट अंगात न घालता पास करणं

फोमचं जाकीट आधी मुठीत दाबा. सोडल्यावर फोम फुगून वर आला पाहिजे. दबलेला तसाच राहिला किंवा आत चुरा लागला, तर ते जाकीट गेलं. डिझेल लागलेलं, उन्हाने रंग उडालेलं आणि शिवणीत नखाने उसवणारं जाकीटही बाजूला काढा. पट्ट्यांना जोर लावून हिसका द्या. बकलमध्ये वाळू आणि मीठ बसून ते नुसतं लागल्यासारखं वाटतं, हिसक्याला सुटतं. शिट्टी फुंकून बघा. निम्म्या शिट्ट्यांमध्ये कोळ्याचं जाळं असतं.

मग प्रत्येक प्रकारचं एकेक जाकीट अंगात घालून ओहोटीच्या वेळी खाडीत छातीभर पाण्यात उतरा आणि पाय सोडा. हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. जाकीट कानापर्यंत वर सरकत असेल तर पट्टे सैल आहेत किंवा माप चुकलंय. लहान मुलांचं वेगळं बघा. मोठ्यांचं जाकीट पोराला घातलं की पोर त्यातून खाली सटकतं. किती किलोच्या माणसासाठी आहे ते आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. ती पट्टीच पुसली गेली असेल तर त्या जाकिटावर मूल सोपवू नका.

फुगणारी जाकिटं आता इकडेही दिसू लागली आहेत. त्यांचं दुखणं निराळं. आपोआप फुगणाऱ्या प्रकारात पाण्यात विरघळणारी एक गोळी असते, ती विरघळली की स्प्रिंग सुटून वायूची नळी फुटते. कोकणातल्या पावसाळी हवेत ही गोळी नुसत्या दमटपणानेही मऊ पडते आणि जाकीट कपाटातच फुगतं. कुणीतरी ते दाबून, घडी घालून पुन्हा ठेवतं, आणि आत रिकामी नळी घेऊन ते हंगामभर फिरतं. म्हणून नळी फिरवून बाहेर काढा. तोंडाला भोक पडलेलं असेल तर ती वापरलेली. भोक नसलं तरी वजन करा. नळीवर एकूण वजन कोरलेलं असतं, आणि घरातला किंवा ओळखीच्या सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. दोन ग्रॅमहून जास्त कमी भरली तर बदला. पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागली तर गळती आहे, आणि त्याला पंक्चरचं सोल्युशन लावण्याचा विचारही नको.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून जाकिटं प्रवाशांच्या अंगावर हवीत यावर जोर आला आहे. मग ती छताच्या फळ्यांत सुतळीने करकचून बांधायची कशाला? गोल रिंगेचंही तेच. वाऱ्याने उडू नये म्हणून तिला चार गाठी मारतात. एका हाताने सुटली पाहिजे, आणि तिला तरंगणारी दोरी हवी. तीस मीटरची असली तर उत्तम.

फ्लेअर: तारीख बघायची, पण नुसती तारीख नाही

फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षं. तारीख चालू असूनही टोपी गंजलेली, पुठ्ठा फुगलेला किंवा ओढायची दोरी कुजलेली असेल तर तो नग बाद. हातातला लाल फ्लेअर मिनिटभर जळतो. पॅराशूटवाला सुमारे ३०० मीटर वर जाऊन चाळीसेक सेकंद तेवतो. म्हणजे चार नग असले तरी हातात एकूण मिनिटं थोडीच, आणि बोट दिसल्याशिवाय ती खर्चायची नाहीत. हातातला फ्लेअर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बोटीबाहेर धरायचा, हे नव्या पोरांना न पेटवलेला फ्लेअर हातात देऊनच दाखवा.

मुदत संपलेले नग गणपती विसर्जनाला उडवायचा मोह इकडे जबरदस्त आहे. करू नका. किनाऱ्यावरून कुणीतरी ते संकट समजून कळवतं आणि तटरक्षक दलाची बोट फुकट धावते. समुद्रातही फेकू नका. विक्रेत्याला किंवा सागरी पोलिसांना विचारून जमा करा.

"ऐकू येतंय म्हणजे वायरलेस चालू आहे"

ही चूक मी सगळ्यात महागडी मानतो. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस सेट, ऐकताना जेमतेम वीज खातो. बोलताना, पूर्ण २५ वॉटवर, पाच-सहा अँपिअर ओढतो. पावसाळाभर पडून राहिलेली बॅटरी ऐकण्यापुरती पुरते आणि बटण दाबलं की सेट बंद पडतो. मग सेट एक वॉटवर आणून बोला. तेव्हा चालला तर दोष बॅटरीत, फ्यूजच्या खोबणीत किंवा हिरव्या पडलेल्या टर्मिनलमध्ये आहे. सेट विझत नाही, पण चार मैलांवरच्या बोटीला आवाज पोचत नाही, तर अँटेनाची जोडणी उघडा. खारं पाणी शिरून तांब्याची जाळी काळी पडलेली बहुतेक वेळा तिथेच सापडते. काळी वायर कापून नवा जोड लावा, पुसून भागत नाही.

तपासणी चॅनेल १६ वर करू नका, तो संकटासाठी मोकळा ठेवायचा. शेजारच्या बोटीला दुसऱ्या चॅनेलवर बोलवा, पण बोट हलवून थोड्या अंतरावरून. धक्क्याला चिकटून तर तुटक्या अँटेनानेही आवाज जातो.

इस्रोने मच्छीमारांसाठी केलेलं संकट-संदेशाचं डॅट यंत्र किंवा ईपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) असेल तर चाचणीचं बटणच दाबा, संकटाचं नव्हे. चुकून दाबलंच तर गुपचूप बंद करून बसू नका. तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. हा नंबर आणि सागरी पोलिसांचा १०९३ सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेवा. ईपर्ब पाण्यात आपोआप सुटण्यासाठी जो दाबावर चालणारा खटका असतो, त्याची मुदत बसवल्यापासून दोन वर्षं. ती तारीख कुणीच बघत नाही.

कुंभारमाशी

हिच्यासाठी वेगळं शीर्षक द्यावं लागतं. दोन महिने उभ्या बोटीवर जिथे पेन्सिलएवढं भोक असेल तिथे ही मातीचं घर बांधते. अग्निशामकाचा काटा हिरव्यात असतो, सील शाबूत असतं, आणि नळीच्या तोंडात मातीचा बूच. काडी घालून बघा. डिझेलच्या टाकीची हवेची नळीही ती अशीच बुजवते. मग इंजिन सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि बंद पडतं. मेस्त्री फिल्टर बदलतो, पुन्हा तेच. टाकीचं झाकण सैल केल्यावर फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सुधारलं, तर दोष त्या नळीत आहे.

अग्निशामकातली पावडर इंजिनाच्या थरथरीने तळाशी घट्ट बसते. सिलिंडर उलटा करून कानाशी धरा, पावडर सरकल्याचं कळलं पाहिजे. ढेकूळ धप्पकन पडलं किंवा काहीच हललं नाही तर भरून आणा.

बाकीचं थोडक्यात

बोटीच्या तळातल्या पाण्याचा पंप बटण दाबून तपासू नका, तळात बादल्या ओता. पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट आपोआप उचलला पाहिजे. खवले आणि जाळ्याचे तुकडे त्याला अडकवतात. पंप गुणगुणतो पण पाणी फेकत नाही, तर गाळणी काढा. फ्यूज सारखा उडतो, तर पंख्यात नायलॉनचा धागा गुंडाळलाय.

दिवे रात्री बघा. वायरिंग नव्याने केलेल्या बोटींवर लाल-हिरवा उलटा लागलेला आढळतो. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

नांगराची दोरी पूर्ण बाहेर काढा. दहा मीटर पाण्यात किमान पन्नास मीटर दोरी सुटावी लागते, आणि तिचं शेवटचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे टोकापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर अरबी समुद्र शांत असतो या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी थेट देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या.

आउटबोर्डवाल्यांनी (मागे बाहेरून इंजिन लावलेल्या बोटींनी) किल कॉर्ड, म्हणजे ओढताच इंजिन बंद करणारी दोरी, ओढून बघावी. इंजिन लगेच बंद पडलं नाही तर ती नुसती शोभेची दोरी.

आणि खलाशी. हंगामाला नेपाळहून, कर्नाटकातून नवी पोरं येतात; काहींनी त्याआधी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांना मराठीत सामान दाखवून तांडेल (बोटीचा प्रमुख) मोकळा होतो. पेट्यांवर हिंदीत लिहा, चित्र काढा. पहिल्या फेरीआधी, धक्क्याला असतानाच, रात्री दिवे घालवून प्रत्येकाला जाकीट शोधून घालायला लावा. ज्याला सापडलं नाही, त्याची झोपायची जागा जाकिटाजवळ हलवा.