बाल्टिमोरला व्यसनसंशोधनासाठी येणाऱ्या नवीन मंडळींसाठी

व्यसनाच्या विज्ञानात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधन, करण्यासाठी बाल्टिमोरला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे पहिले प्रश्न बहुधा घराचे आणि भाड्याचे असतात. काम बेव्ह्यू या वैद्यकीय परिसरात असेल तर जवळच्या कँटन किंवा हायलँडटाउन वस्तीत घर पाहावे, एवढे उत्तर त्यांना पुरे. पहिल्या वर्षी खरी अडचण होते ती प्रयोगशाळेत, आणि तिथल्या गोष्टी कोणी आपणहून समोर बसवून समजावत नाही.

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'नायडा', ही व्यसनसंशोधनाची अमेरिकी सरकारी संस्था १९७४ साली स्थापन झाली. पण बेव्ह्यूमधील तिच्या संशोधन विभागाची मुळे १९३५ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे सुरू झालेल्या सरकारी रुग्णालयात आहेत. तिथे कैद्यांवर अमली पदार्थांचे प्रयोग होत आणि सहभागाचा मोबदला म्हणून काहींना अमली पदार्थच दिले जात. १९७५ च्या सिनेट चौकशीनंतर हा प्रकार थांबला. मानवी अभ्यासात काम करणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा, म्हणजे संमतिपत्राची लांबलचक पाने आणि नैतिकता समितीचे बारीक प्रश्न कटकटीचे वाटणार नाहीत. सहभागी व्यक्ती तुम्हाला जे सांगते ते न्यायालयाच्या मागणीवरूनही उघड करावे लागू नये, यासाठी गोपनीयतेचे प्रमाणपत्र असते. ते कोणत्या माहितीला लागू होते हे मुलाखती घेण्यापूर्वीच समजून घ्यावे.

प्राण्यांवर काम करणाऱ्यांचा बराच काळ हात बसण्यात जातो आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. उंदराच्या मानेतील शिरेत बारीक सिलिकॉनची नळी बसवायची, ती कातडीखालून पाठीवर काढायची, रोज सलाइनने धुवायची, आणि मग उंदराने पेटीतील लिव्हर दाबल्यावर औषधाची मात्रा थेट रक्तात जाते की नाही हे पाहायचे. नळी तुंबली किंवा गळू लागली की लिव्हर दाबण्याचे आकडे बदलतात आणि नवख्याला वाटते की आपल्याला नवा शोध लागला. म्हणून आलेख काढण्याआधी मेथोहेक्सिटाल या झटपट भूल देणाऱ्या औषधाची छोटी मात्रा देऊन पाहावी. नळी धड असेल तर उंदीर काही सेकंदांत ढिला पडतो. न पडल्यास त्या उंदराचे आकडे कितीही आकर्षक असले तरी बाजूला ठेवावे लागतात. हे ज्या प्रयोगशाळेत कसोशीने पाळले जाते, तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे खुशाल समजावे. पीआय, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी सगळेच पाहतात. शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कोण शिकवते आणि आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

नायडाच्या बेव्ह्यूमधील विभागातील दोन कामे मुळातून वाचावीत. कोकेन बंद केल्यावर त्याची ओढ काही आठवडे कमी होण्याऐवजी वाढत जाते, असे २००१ साली उंदरांत दाखवले गेले. २०१८ साली आढळले की निवडीची मुभा दिल्यावर बहुतेक उंदीर हेरॉइन किंवा मेथअँफेटामीन सोडून दुसऱ्या उंदराचा सहवास पत्करतात. माझ्या मते दुसऱ्या निष्कर्षाने आपल्या क्षेत्राचे कान उपटले, कारण त्याआधी वर्षानुवर्षे आपण उंदराला एकटे कोंडून व्यसन मोजत होतो. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला त्यात फारसे नवल वाटणार नाही.

नियमांबाबत दोन गोष्टी. हेरॉइन आणि कोकेन ही नियंत्रित द्रव्ये डीईए या फेडरल अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेच्या नोंदणीखाली येतात. ती कुलपात राहतात आणि वापरलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद वहीत होते, तेव्हा 'उद्या लिहू' ही सवय भारतातच सोडून यावी. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मेरीलँडमध्ये १ जुलै २०२३ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला दुकानातून गांजा घेता येतो, पण फेडरल कायद्याने तो नियंत्रित पदार्थच आहे, आणि व्हिसावरील माणसाने सेवनाची नुसती कबुली दिली तरी देशात परत प्रवेश मिळणे अडू शकते. सहकारी काय करतात ते पाहून वागू नये.

हेरॉइनसारख्या अफूवर्गीय द्रव्याची मात्रा जास्त झाल्यास उतारा म्हणून द्यायचा नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीविना विक्रीसाठी मंजूर झाला. फेंटानिल या त्याच वर्गातील अतितीव्र द्रव्याने या शहराला फार पोळले आहे. स्प्रे पिशवीत ठेवावा आणि तो वापरायला शिकून घ्यावे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या खुल्या सभांना कोणालाही जाता येते. तिथे श्रोता म्हणून बसावे, टिपणे घेऊ नयेत.

शेवटी निधीचे. टी ३२ आणि एफ ३२ या फेडरल प्रशिक्षणवृत्त्या अमेरिकी नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतात, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना के ९९ हे पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधनाकडे जाण्यासाठीचे अनुदान हाच मार्ग उरतो. त्याला नागरिकत्वाची अट नाही, पण अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांहून अधिक चालत नाही, आणि पुण्यात किंवा बंगळुरूत केलेला पोस्टडॉकही त्यात धरला जातो. पहिला अर्ज नामंजूर होणे नेहमीचेच आहे. सुधारून पुन्हा पाठवायला मुदत उरावी यासाठी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कच्चा मसुदा पीआयच्या हातात असायला हवा.