चित्राला ऊन दाखवू नका

पावसाळा सरला की आपण गोधड्यांना, गाद्यांना ऊन दाखवतो. त्याच काळजीपोटी भिंतीवरचं तैलचित्रही अंगणात येतं आणि दिवाळीच्या आसपास रंगाच्या खपल्या निघालेलं माझ्या दुकानात पोहोचतं. साताऱ्यात राजवाड्याजवळ मी फ्रेमा करतो. अशी चित्रं हातात घेताना फार वाईट वाटतं, कारण ती वाचवता आली असती.

तैलचित्र म्हणजे एकावर एक थर: कापड, त्यावर सरस, मग अस्तर म्हणजे रंगाखालचा लेप, मग रंग. सरस दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वरचा जुना रंग ताठ झालेला असतो, त्याला ही ओढाताण झेपत नाही. म्हणून नुसत्या दमटपणापेक्षा झटक्यात होणारा बदल अधिक घातक, आणि पावसाळ्यानंतरचं ऊन नेमकं तेच करतं.

आमच्या आत्याकडे महाबळेश्वरला लाकडी फळीवर रंगवलेली यमाई होती. भर जुलैत ती म्हसवडच्या घरी नेली. एप्रिलपर्यंत फळी रेषांच्या दिशेनं उभी तडकली. जिल्हा एकच, पण एका गावी ढग घरात शिरतात आणि दुसरीकडे प्यायच्या पाण्याची ओढ. चित्र हलवायचंच असेल तर सुती कापडात आणि जाड पुठ्ठ्यात गुंडाळून न्या, आणि नव्या घरी दोन-तीन दिवस तसंच बंद ठेवून मग उघडा.

आधी मोजायला शिका. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर आणा, पण आल्या आल्या त्याच्यावर विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आर्द्रतेचा आकडा ७५ टक्के हवा. ७१ दिसला तर तुमचा मीटर ४ कमी दाखवतो. तसं कागदावर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा.

संग्रहालयांत बरीच वर्षं ५० टक्के आर्द्रता, वर-खाली ५, हे प्रमाण धरत आले. आपल्या घरात ते पावसाळ्यात जमणार नाही, आणि त्याचा हट्टही नको. ६५च्या खाली राहिलं तरी बुरशीला आळा बसतो. रात्रभर एसी आणि दिवसा बंद, हे मात्र चित्राच्या खोलीत करू नका. हवा गार झाली की तेवढीच वाफ जास्त आर्द्रता दाखवते: ३० अंशांना ५० टक्के असलेली हवा २० अंशांवर आली, की ९०च्या आसपास जाते. एसी त्यातलं थोडं पाणी काढून टाकतो, पण तो बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा थंड काचेवर घाम धरते. त्यापेक्षा पंखा बरा, झोत चित्रावर न येईल असा.

पावसाचा मारा बसणारी भिंत टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. कागदावरचं चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला म्हणून मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून ताणू नका. उन्हाळ्यात तो आपोआप आकसतो आणि मग कोपऱ्यात फाटतो. हे मी ग्राहकांना हात जोडून सांगतो.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती रंगात मुरते. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा आणि सावलीत, कोरड्या खोलीत हळूहळू वाळू द्या. नाकातोंडाला मास्क लावून फक्त लाकडी फ्रेम मऊ ब्रशनं झाडा. रंग सुटत असेल तर चित्र उताणं ठेवा, पडलेली खपली पाकिटात जपा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रं दुरुस्त करणारा स्वतंत्र विभाग आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथं गेलात तर चित्रं कशी टांगली आहेत, भिंतीपासून किती सोडली आहेत, तेही जवळून पाहून या.